वर्दळ आणि नोंदवही

आग्रा-मुंबई रस्ता माळव्याच्या पठारावरून दक्षिणेकडे निघतो, तेव्हा तो देवास शहराला स्पर्शून इंदूरकडे येतो आणि पुढे घाट उतरून धार जिल्ह्यात खलघाट येथे नर्मदा ओलांडतो. देवास आणि धार ही दोन्ही एके काळी पवारांच्या राज्यांची ठिकाणे. १९४८ साली ती राज्ये मध्यभारतात विलीन झाली. रस्ता मात्र होता तेथेच आहे. त्यावर मालमोटारींची वर्दळ अहोरात्र चालते आणि वाटेत टोलनाके लागतात.

काही वर्षांपूर्वीपर्यंत या नाक्यांवर काय घडत असे, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. गाडी थांबे, खिडकीतील कारकून गाडीचा प्रकार पाही, पैसे घेई, मोड परत करी, पावती देई, आणि मगच आडवा दांडा वर जाई. रात्री गाड्या तुरळक असत तेव्हा हा सोपस्कार कोणास जाचत नसे. सणासुदीच्या दिवशी मात्र त्याच खिडकीपुढे लांबच लांब रांग लागे. कारकून तोच, पावती तीच, तिला लागणारा वेळही तोच. वाढलेली असे ती केवळ वर्दळ.

१५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. त्यामुळे नोंद बंद पडली असे नव्हे. उलट ती पूर्वीपेक्षा अधिक नेमकी होऊ लागली. काचेवर चिकटविलेल्या पट्टीचा क्रमांक यंत्र वाचते, तो अडविण्याच्या यादीत नाही एवढे पाहते आणि दांडा उचलते. बँकाबँकांतील हिशेब मागाहून पुरा होतो. नोंद वाटेच्या मध्यावरून उठली आणि कडेला जाऊन बसली. आजच्या विषयाचे मर्म या एका बदलात साठविलेले आहे, कारण नाक्यावरील गाड्यांना जो नियम लागू पडतो, तोच संगणकाच्या दारी येणाऱ्या लक्षावधी मागण्यांनाही पडतो.

ज्या संगणकांवर रेल्वेची तिकिटे निघतात, परीक्षांचे निकाल पाहावयास मिळतात आणि बँकांची देवघेव चालते, त्यांना सर्व्हर म्हणतात. लोकांच्या मागण्या घ्यावयाच्या आणि त्यांना उत्तरे द्यावयाची, हे त्यांचे काम. हे काम करीत असताना प्रत्येक सर्व्हर एक नोंदवही लिहीत असतो. तिला लॉग असे नाव आहे. हे नाव जहाजांवरून आलेले आहे. लाकडाचा ओंडका दोरीला बांधून पाण्यात टाकावयाचा, किती दोरी सुटते त्यावरून जहाजाचा वेग मोजावयाचा आणि तो वहीत टिपावयाचा, अशी खलाशांची पद्धत होती. ओंडक्याचे इंग्रजी नाव वहीला चिकटले, आणि वहीचे नाव पुढे संगणकाकडे आले. कोण आले, केव्हा आले, काय मागितले, काय उत्तर मिळाले, कोठे चूक झाली, हे सारे या वहीत ओळीओळीने उतरते. बिघाड झाला की तज्ज्ञ प्रथम तीच उघडतात.

वही ठेवावी की नाही, हा प्रश्न मुळात उद्भवतच नाही. ती ठेवलीच पाहिजे. विचार करावयाचा तो निराळ्याच गोष्टींचा: तिच्यात किती लिहावे, केव्हा लिहावे आणि लिहिणे पुरे होईपर्यंत कोणाला थांबवून धरावे. या गोष्टी ठरविणाऱ्या सूचनांची एक लहानशी यादी सर्व्हर चालविणाऱ्यांच्या हाती असते. यादी पुष्कळदा दहा-वीस ओळींची असते; परंतु गर्दीच्या दिवशी दार उघडे राहील की तुंबेल, याचा निकाल काही वेळा त्या ओळीच लावतात.

हे कसे घडते ते समजण्यास थोडा हिशेब पुरेसा आहे. एक मागणी पुरी करण्यास एका सर्व्हरला सरासरी १० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग लागतो असे धरू. याचा अर्थ, तो सेकंदाला १०० मागण्या पुऱ्या करू शकतो. आता प्रत्येक मागणीमागे नोंद लिहिण्यासाठी आणखी १ मिलिसेकंद लागू लागला. सेकंदाचा हा हजारावा भाग. त्याची कोण पर्वा करणार? सेकंदाला ५० मागण्या येत असतील, तर खरोखरच कोणी करणार नाही. लोक केव्हाही अनियमितपणे येतात आणि प्रत्येकाचे काम कमीअधिक वेळाचे असते हे लक्षात घेऊन रांगेचे गणित मांडले, तर एका माणसास येऊन काम होईपर्यंत पूर्वी सरासरी २० मिलिसेकंद लागत होते, ते आता सुमारे २४ लागतील. हा फरक मनुष्यास जाणवतसुद्धा नाही.

परंतु मागण्या सेकंदाला ९० झाल्या की चित्र पालटते. नोंदीचा भार नसताना तेथे सरासरी १०० मिलिसेकंद लागले असते. भार चढल्यावर १,१०० लागतात. कामात भर पडली दहा टक्क्यांची, आणि खोळंबा झाला अकरापट! मागण्या ९५ वर गेल्या म्हणजे तर सरासरीची भाषाच संपते. सर्व्हर सेकंदाला ९१ च्या आसपास निकालात काढतो आणि येतात ९५; रांग दर सेकंदाला चारांनी वाढते, मिनिटाला सुमारे २४५ माणसे तिच्यात अधिक उभी राहतात, आणि ती आपोआप कधीच सरत नाही. रांगांच्या या शास्त्राचा पाया डेन्मार्कचे गणिती आगनर एर्लांग यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन व्यवस्थेचा अभ्यास करताना घातला. शंभर वर्षांहून जुने झालेले हे गणित संगणकालाही जसेच्या तसे लागू पडते. सवडीच्या दिवशी केलेल्या चाचणीत नोंदीचा भार का दिसत नाही आणि ऐन गर्दीत तोच का उरावर बसतो, याचा उलगडाही त्यातूनच होतो.

गर्दी कशी लोटते याचे उदाहरण लांब शोधावयास नको. देवासहून मुंबईस जाणाऱ्या अवंतिका एक्स्प्रेसचे तत्काळ तिकीट पाहिजे असेल, तर वातानुकूलित वर्गाची खिडकी सकाळी दहाला उघडते आणि साध्या वर्गाची अकराला. दहाला पाच मिनिटे असेपर्यंत जे दार निवांत असते, त्यावर दहाच्या ठोक्याला साऱ्या देशाची धडक बसते. रेल्वेने २०१४ साली नवी तिकीट-व्यवस्था आणली, तेव्हा मिनिटाला २,००० तिकिटे देण्याची क्षमता ७,२०० वर नेण्यात आली. एवढी मोठी झेप कशासाठी, तर दिवसातील त्या मोजक्या मिनिटांसाठी. अशा क्षणी प्रत्येक मिलिसेकंदाला मोल चढते.

आता नोंद लिहिण्यास वेळ का लागावा, हे पाहू. संगणकाची स्मृती अतिशय चपळ असते. परंतु वीज गेली की तिच्यातले सारे पुसले जाते. टिकाऊ नोंद करावयाची म्हणजे ती तबकडीवर उतरवावी लागते. नेहमीच्या फिरत्या तबकडीचे मिनिटाला ७,२०० फेरे होतात, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्यास ८ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. प्रत्येक ओळ तबकडीवर पक्की बसल्याखेरीज पुढे जावयाचे नाही, अशी सूचना यादीत असेल, तर एकामागून एक लिहिताना सेकंदाला शे-सव्वाशे ओळींच्या पुढे मजल जाणे कठीण. न फिरणाऱ्या नव्या तबकड्या कितीतरी वेगवान आहेत. तथापि त्यांनाही वेळ लागतोच.

दुसरे कारण लेखणीचे आहे. सर्व्हरच्या आत एकाच वेळी शेकडो कामकरी निरनिराळ्या मागण्या हाताळीत असतात; परंतु नोंदवही बहुधा एक असते. दोघांनी एकदम लिहिले तर ओळींचा गुंता होईल, म्हणून वहीला कुलूप असते. ज्याच्या हाती किल्ली, त्याने लिहावे, इतरांनी थांबावे. शंभर कामकरी नेमले आणि लेखणी एकच ठेवली, तर गर्दीत ते शंभर जण लेखणीभोवतीच गोळा होतात. कामाच्या जागा रिकाम्या, आणि वहीपुढे मात्र झुंबड!

तिसरे कारण नुसत्या राशीचे. एका मागणीमागे २० ओळी, प्रत्येक ओळ ५०० बाइटची आणि सेकंदाला ५,००० मागण्या, असा मोठा कारभार घेतला, तर सेकंदाला ५ कोटी बाइट लिहावे लागतात. दिवसाकाठी हा ढीग ४ टेराबाइटच्या पुढे जातो. १ टेराबाइटची मोकळी तबकडी साडेपाच तासांत काठोकाठ भरते, आणि ती भरली की नुसती नोंदच थांबते असे नाही. पुष्कळदा तिच्याबरोबर सर्व्हरही बंद पडतो. घरातले सामान ठेवावयाची कोठी रद्दीनेच भरून जावी आणि धान्यास जागा उरू नये, असा हा प्रकार होय.

एका सूचनेने केवढा फरक पडतो, याचा दाखला संगणकाच्या इतिहासातच आहे. १९९५ साली अपाची नावाची सर्व्हर-प्रणाली प्रथम प्रसिद्ध झाली आणि अल्पावधीत जगभर पसरली. येणाऱ्या प्रत्येकाचा संगणक आपला आकडी पत्ता सांगत असे; परंतु वहीत आकड्याऐवजी नाव दिसावे, म्हणून त्या पत्त्याचे नाव शोधण्याची एक सूचना अपाचीमध्ये होती, आणि आरंभीच्या आवृत्त्यांत ती मुळातच चालू ठेवलेली असे. नाव शोधावयाचे म्हणजे दूरच्या दुसऱ्या संगणकास विचारणे आले. त्याचे उत्तर येईपर्यंत मागणी घेऊन आलेला मनुष्य उभाच! नाक्यावरील कारकुनाने प्रत्येक गाडीवानाचे गाव विचारावे आणि ते खरे की खोटे हे पाहण्यास त्या गावी माणूस धाडावा, तसेच हे झाले. १९९८ साली आलेल्या १.३ या आवृत्तीपासून ही सूचना मुळात बंद ठेवण्यात आली. ज्यांना नावेच हवी असतील, त्यांनी वही सवडीने उघडून मागाहून नावे भरावी, यासाठी एक वेगळे साधनही सोबत देण्यात आले. माहिती काहीच गेली नाही. ती मिळविण्याची वेळ तेवढी पुढे ढकलली, आणि दारातला खोळंबा मिटला.

मराठी पेढ्यांवर आणि दफ्तरांत ही युक्ती फार जुनी आहे. दिवसभरात व्यवहार जसा घडेल तसा तो रोजकीर्दीत ओळीखाली ओळ उतरवावयाचा, आणि नंतर सवडीने प्रत्येक रकमेची ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणी करावयाची, अशी रीत असे. गिऱ्हाईक समोर उभे असताना खातेवही चाळीत बसणारा मुनीम कोणत्याच पेढीला परवडला नसता. आजचे सर्व्हर-शास्त्र याच वाटेने गेले आहे. रशियन तंत्रज्ञ इगोर सिसोयेव यांनी २००४ साली एन्जिन-एक्स ही प्रणाली सर्वांसाठी खुली केली. मोठी गर्दी थोडक्या साधनांत सांभाळावी, हा तिचा हेतू होता. तिच्यात नोंदीच्या ओळी प्रथम स्मृतीत साठवून, त्यांचा गठ्ठा झाला म्हणजे एकदम तबकडीवर उतरविण्याची सोय आहे. इतर कित्येक साधनांत नोंदीसाठी स्वतंत्र लेखनिकच नेमतात. कामकऱ्याने चिठ्ठी त्याच्या टोपलीत टाकावी आणि पुढच्या मागणीकडे वळावे. लेखनिक टोपलीतील चिठ्ठ्या आपल्या गतीने वहीत उतरवितो.

मात्र येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळता येत नाही. टोपली भरून वाहू लागली तर काय करावे? कामकऱ्यांना थांबविले, तर जो खोळंबा टाळावयाचा होता तोच परत आला. चिठ्ठ्या फेकून दिल्या, तर नोंद कायमची गेली. त्यातून, टोपली भरलेली असतानाच वीज गेली, तर बिघाडाच्या आधीच्या क्षणाच्या, म्हणजे नेमक्या सर्वांत उपयोगी पडणाऱ्या चिठ्ठ्याच हरवतात.

याचे उत्तर एका गोष्टीत आहे: सर्व नोंदी एका मोलाच्या नसतात. हे ओळखूनच नोंदींना प्रती लावण्याची पद्धत पडली. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत एरिक ऑलमन यांनी सिसलॉग नावाची नोंदव्यवस्था तयार केली. तिच्यात आठ पायऱ्या आहेत. सर्वांत वर 'सारी व्यवस्थाच कोसळली' अशी आणीबाणी, आणि सर्वांत खाली तपासनिसाच्या सोयीची बारीकसारीक टिपणे. ही खालची टिपणे प्रणाली घडविताना अत्यंत उपयोगी पडतात. दोष सापडावा म्हणून ती कोणीतरी चालू करतो, दोष सापडतो, आणि ती बंद करावयाची राहून जातात. महिनोन्महिने कोणाला त्याचा पत्ता नसतो. मग निकालाचा दिवस उजाडतो, आणि एरवी एका मागणीमागे एक ओळ लिहिणारी वही पन्नास ओळी लिहू लागलेली असते. जावा भाषेतील लॉगबॅक या साधनात टोपलीचा विचार आधीच केलेला आढळतो: टोपलीत पंचमांशाहून कमी जागा उरली, की खालच्या पायऱ्यांच्या चिठ्ठ्या ते टाकून देते आणि धोक्याच्या व चुकीच्या तेवढ्या ठेवते. संकटकाळी काय सोडावे याचा निर्णय तेथे शांतपणे, पूर्वीच घेऊन ठेवलेला असतो.

परंतु काही नोंदी अशा आहेत की, त्यांच्या बाबतीत ही सवलत मुळीच देता येत नाही. देवासच्या एखाद्या विद्यार्थ्याने पुण्यास परीक्षेला जाण्यासाठी तिकीट मागितले. त्याच्या वडिलांच्या खात्यातून पैसे वजा झाले, आणि तिकीट हाती येण्यापूर्वी सर्व्हर बंद पडला, असे समजू. पैसे कोठे गेले, याचे उत्तर त्या कुटुंबाने कोणाच्या शब्दावर घ्यावे? म्हणूनच ज्या माहितीपेढ्यांत पैशाचे व्यवहार लिहिले जातात, तेथे नियम उलटा असतो. आधी नोंद तबकडीवर पक्की करावयाची, आणि मगच व्यवहार झाला असे म्हणावयाचे. तेथे थांबावे लागले तरी ते थांबणे योग्यच होय. जो वेळ इतर फालतू ओळी कमी करून वाचवावयाचा, तो अशा नोंदीसाठी हाताशी राहावा, हाच काटकसरीचा खरा हेतू.

देवासच्या इतिहासातील एक गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. तेथील पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पात्या होत्या, आणि दोन्हींची राजधानी एकच. मुख्य रस्त्याच्या एका बाजूस एकाचा कारभार आणि दुसऱ्या बाजूस दुसऱ्याचा. पाणी आणि दिवे यांची व्यवस्थादेखील दोन्हीकडे निरनिराळी. संगणकांच्या कारभारातही हे दुहेरीपण वारंवार दिसते. दारातला सर्व्हर एक मागणी टिपतो, आतला सर्व्हर तीच पुन्हा टिपतो, माहितीपेढी तिसऱ्यांदा टिपते. लेखनाचा भार तिप्पट होतो, आणि एवढे करूनही तिन्ही वह्यांतील ओळी एकमेकींशी जुळविता येत नाहीत. यावर उपाय साधा आहे. मागणी दारात येताच तिला एक क्रमांक द्यावा, तो शेवटपर्यंत तिच्यासोबत चालवावा, आणि प्रत्येक वहीत त्या क्रमांकाखाली तेथली तेवढीच हकीकत लिहावी. वह्या ज्या घड्याळांवरून वेळ टिपतात, ती घड्याळेही एकमेकांशी जुळलेली असली पाहिजेत.

भार कमी करण्याच्या या साऱ्या चर्चेवरून, नोंदवही बंदच ठेवली तर काय बिघडले, असा मोह एखाद्यास पडेल. निदान भारतात तरी हा मार्ग मोकळा नाही. संगणक-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, आपल्या व्यवस्थांच्या नोंदी १८० दिवसांपर्यंत देशातच सुरक्षित ठेवणे आणि घड्याळे ठरलेल्या राष्ट्रीय वेळेशी जुळवून ठेवणे संबंधितांवर बंधनकारक आहे. परंतु निर्देश नसते तरीही वही मिटून ठेवणारा आपलेच नुकसान करून घेतो. बिघाड का झाला हे न कळताच सर्व्हर पुन्हा उभा राहतो, आणि त्याच कारणाने पुन्हा पडतो.

तेव्हा करावयाचे ते एवढेच. गर्दीचा दिवस येण्यापूर्वी गर्दीएवढाच भार लावून चाचणी घ्यावी, आणि ती घेताना नोंदवही प्रत्यक्षात जशी चालणार आहे तशीच चालू ठेवावी. खालच्या पायरीची टिपणे बंद आहेत ना, हे डोळ्यांनी पाहावे. सुरळीत पार पडलेल्या मागण्यांपैकी शंभरातली एखादी टिपली तरी पुष्कळ झाले. चुकलेली मागणी मात्र एकही सुटू नये. जुन्या वह्या वेळच्या वेळी मिटवून दुसऱ्या जागी न्याव्यात, म्हणजे तबकडी भरणार नाही. पैशाची नोंद आधी, पक्की आणि कोणत्याही परिस्थितीत झालीच पाहिजे. आणि टोपली भरली तर काय सोडावयाचे, हे सकाळचे दहा वाजण्याआधी लिहून ठेवलेले असावे. कारण दहाच्या ठोक्याला विचार करण्यास कोणालाच सवड नसते, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला तर आत किती लेखण्या आहेत, हेही ठाऊक नसते.